पेवात पडलेला पेपर

मार्च 2022 मध्ये मी सांगलीच्या वसंत मार्केट यार्डातले हळदीचे अडते, हमाल आणि हरिपूरचे पेववाले (पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा) अशा 32 जणांच्या मुलाखती घेतल्या. त्यावरचा पेपर संपादकाकडे गेला जून 2023 मध्ये. या पंधरा महिन्यांत खरंखुरं लिखाण झालं ते सात आठवडे. उरलेले महिने कुठं गेले ते सांगते. नव्यानं पीएचडीला नाव घातलेल्यांना त्यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

मी काही लोळत पडले नव्हते. तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवत होते, सकाळी सांगली, दुपारी मिरज. तरी रात्री जेवणं आटपली की रोज लॅपटॉप उघडायचे. उघडून वाचत बसायचे. एक लेख संपला की त्याच्या संदर्भसूचीतले चार उतरवून घ्यायचे. झोटेरोत, म्हणजे संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, दोनशेच्या वर लेख साठले, त्यांचे कप्पे केले, कप्प्यांना रंग दिले. फाईलचं नाव होतं ‘पेपर अंतिम’ आणि तिच्यात शीर्षकाखाली फक्त माझं नाव. आईनं विचारलं की माझं ठरलेलं उत्तर असायचं, ‘दिवाळीनंतर बसते.’ दिवाळीनंतर परीक्षा आल्या, परीक्षांनंतर तपासणी, आणि त्यानंतर मावसबहिणीचं लग्न.

नोव्हेंबर 2022 मध्ये यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) पीएचडीसाठीची नवी नियमावली आली आणि प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापून आलाच पाहिजे, ही देशपातळीवरची अट गेली. मला हायसं वाटलं. त्यानंतर दोन महिने मी ती फाईल उघडलीसुद्धा नाही. (तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो. तो ऐकीव माहितीवर सोडू नका, पीएचडी विभागात जाऊन बघा.)

अडकले होते भीतीपायी, आणि ती भीती मी वाचनाच्या पांघरुणाखाली झाकून ठेवली होती. टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉय या मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये मांडलेलं मला फार उशिरा वाचायला मिळालं: चालढकल हा वेळेच्या नियोजनापेक्षा मनःस्थिती सावरण्याचा प्रश्न आहे. काम समोर आलं की अस्वस्थ वाटतं. ते बाजूला सारलं की त्या क्षणापुरतं बरं वाटतं, म्हणून आपण सारतो. हेही मी पेपर टाळण्यासाठीच वाचत होते, ते सोडा.

सांगलीबाहेरच्यांसाठी पेवाबद्दल दोन शब्द. हरिपूरच्या मातीत खोल खड्डा घेऊन त्यात हळद भरतात आणि तोंड बंद करून टाकतात. 2005 च्या महापुरात या पेवांत पाणी शिरलं, आणि पुढं बराच माल गोदामांकडं वळला. माझा पेपर त्याच बदलावर होता. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नाही. कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ देतात, नाहीतर जिवावर बेतायचं. दोन महिन्यांनी फाईल उघडली तेव्हा मला अगदी तसंच गुदमरलं. चार दिवस ती नुसती उघडून ठेवली, स्वतःच्याच टिपणांवरून नजर फिरवली, लिहिलं काहीच नाही. खूप दिवस पडलेल्या कामाकडं परतताना पहिला दिवस असा मोकळा ठेवा. पहिल्याच रात्री पाच पानं काढायला बसाल, तर सहाव्या मिनिटाला भांडी घासायला उठाल.

तरी त्या चार दिवसांनी काही हललं नसतं. यार्डात मला सगळ्यात जास्त माहिती दिली होती ती एका वयस्कर अडत्यांनी. आम्ही त्यांना आण्णाच म्हणतो. एप्रिलात ते बस स्टँडवर भेटले. म्हणाले, ‘काय वो मॅडम, आमची एवढी माहिती घेऊन गेलासा, त्याचं पुढं काय झालं?’ मी म्हटलं, लिहितेय. ‘वरीस झालं की!’ एवढंच बोलून ते बसमध्ये चढले. शरमेनं काम होतं असं मला वाटत नाही, पण त्या रात्री मी माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक सरांना फोन केला आणि पहिल्यांदा खरं ते सांगितलं: एक ओळही लिहिलेली नाही. सर म्हणाले, ‘शनिवारी दोन पानं पाठवा. चुकलेली चालतील. कागदावर काहीच नसेल तर मी दुरुस्त काय करणार?’

दोन पानंसुद्धा जमेनात, कारण माझी गाठ इंग्रजीत होती. विचार मराठीत यायचा, वाक्य इंग्रजीत जुळवायचं, आणि एका क्रियापदापाशी अर्धा तास जायचा. शेवटी मोबाईलवर बोलून टाईप करायचं चालू केलं आणि समोर आण्णा बसलेत असं धरून बोलले: ‘तुम्ही म्हणाला होता की पेवातली हळद लगेच विकायची नसते, दर बघून काढायची असते. मग गोदामात माल गेल्यावर हे थांबवून धरणं कुणाच्या हातात गेलं?’ वीस मिनिटांत दीड पान मराठी मजकूर पडला. अशुद्ध, पसरट, मधेच ‘म्हणजे बघा’. पण पेपरचा प्रश्न त्यातच सापडला. दोनशे लेखांत तो मिळाला नव्हता. इंग्रजी नंतर केलं, आणि ते सोपं गेलं, कारण काय म्हणायचंय ते आता ठरलं होतं.

क्रमही उलटा घेतला. प्रस्तावनेपासून चालू केलं की माणूस पहिल्या परिच्छेदातच म्हातारा होतो. मी आधी तक्ते केले आणि प्रत्येक तक्त्याखाली तो काय सांगतो त्याची चार वाक्यं लिहिली. मग मुलाखती कशा घेतल्या ते, त्यानंतर चर्चा, मग प्रस्तावना आणि अगदी शेवटी गोषवारा. संदर्भ आठवला नाही तिथं ‘इथे कुणीतरी’ असं लिहून पुढं सरकायचे. त्या वेळी झोटेरो उघडायचं नाही, एवढा एकच नियम कडक पाळला.

वेळेचं म्हणाल, तर फ्रान्चेस्को चिरिल्लोची ती पोमोडोरो पद्धत, 25 मिनिटं काम आणि मग छोटी विश्रांती, मैत्रिणींना लागू पडते. माझी 25 मिनिटं नुसती मन थाऱ्यावर यायलाच जातात. मला सकाळी साडेपाच ते सव्वासहा मानवलं, घरात कुकर लागायच्या आत.

आणि एक वही केली. पावसाळ्यात आम्ही सांगलीकर उठल्याबरोबर विचारतो, आयर्विनला (कृष्णेवरच्या पुलाला) पाणी किती फूट? चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. तसे मी तारखेपुढं त्या दिवशीचे शब्द मांडायला लागले. 140. 0. 310. एका रविवारी उणे 220, कारण एक अख्खा परिच्छेद काढून टाकला. पाणी उतरलेलंही लिहायचं असतं. शून्याचे दिवस लागोपाठ तीन झाले की इशारा पातळी, मग सरांना मेसेज टाकायचा.

शेवटी शेवटी एक मोह होतो, त्यापासून सावध राहा. ‘तीन दिवसांत पेपर छापून मिळेल’ असे व्हॉट्सअ‍ॅप संदेश येतात, आणि उशीर झालेला माणूसच त्यांना फसतो. माझी एक सहकारी पैसे भरून बसली. पेपर छापला गेला, पण नोकरीच्या मुलाखतीत समितीनं तो बाजूला ठेवला. जर्नल लिहायला बसण्याआधीच ठरवा आणि त्याचे दोन-तीन अंक वाचा. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळं पारख आता आपल्यालाच करायची आहे. घाईचा दुसरा धोका उचलेगिरीचा. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. रात्री अकराला दुसऱ्याची वाक्यं ‘तात्पुरती’ चिकटवणारा माणूस तो आकडा कधी ओलांडतो, त्याचं त्यालाच कळत नाही.

पेपर एकदा मोठ्या दुरुस्त्यांसाठी परत आला आणि दुसऱ्या खेपेला स्वीकारला गेला. छापून आल्यावर प्रत काढून आण्णांच्या दुकानी नेली. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटी-सुलटी केली, नकाशा तेवढा नीट बघितला.

‘हे इंग्रजीत हाय. आमास्नी वाचता येईल असं मराठीत कधी लिव्हणार?’

मी म्हटलं, ‘दिवाळीनंतर.’