लंडनमध्ये भुयारी रेल्वेचा इतिहास एका दिवसात कसा पाहावा

पुण्या-नाशिकहून पाहुणे आले की मी त्यांच्याकडून एक दिवस मागून घेते, फक्त बोगद्यांसाठी. शहराखालून रेल्वे न्यायची कशी हे जग आधी इथे शिकलं आणि त्या जुन्या बांधकामांतून आजही गाड्या धावतात. सोमवार ते शुक्रवारमधला वार धरा आणि सकाळची गर्दी ओसरल्यावर निघा.

सुरुवात बेकर स्ट्रीटच्या 5 आणि 6 नंबरच्या फलाटांवर करा. 10 जानेवारी 1863 ला सुरू झालेल्या मेट्रोपॉलिटन रेल्वेचं हे मूळ स्टेशन. किती थोड्या पायऱ्या उतरलात ते लक्षात घ्या, मग वर विटांची रुंद कमान बघा. रस्ता उकरायचा, खाली कमान बांधायची, वर माती भरून रस्ता पूर्ववत करायचा, अशी ती पद्धत. भिंतींतले तिरके झरोके उजेड-हवेसाठी होते, कारण इंजिनं वाफेची. धुराचा त्रास केवढा होता ते कळायला एजवेअर रोडला गाडी बदलून बेझवॉटरला उतरा आणि लेन्स्टर गार्डन्सवर 23 आणि 24 नंबरची घरं शोधा. खिडक्या रंगवलेल्या आहेत. घर नाहीच, नुसता दर्शनी भाग आहे. मागे इंजिनांना वाफ सोडायला रूळ उघडे ठेवले होते.

मग क्वीन्सवेहून सेंट्रल लाइनने बँक. इथे फलाट इतका वळलेला आहे की गाडी आणि फलाट यांत मोठी फट राहते, लहान मुलांचा हात धरा. 1900 च्या या लाइनचे बोगदे शक्यतो रस्त्यांखालूनच नेले, म्हणजे घरमालकांना पैसे द्यावे लागत नव्हते. वळण आलं ते त्यामुळे.

बँकमध्ये घाई करू नका. वॉटर्लू अँड सिटी लाइनकडे जाणाऱ्या पादचारी मार्गात एक लाल लोखंडी कडं दिसेल, त्यातूनच आपण चालतो. ते अभियंता जेम्स ग्रेटहेडच्या शील्डचा, म्हणजे बोगदा खणणाऱ्या कवचाचा, अवशेष आहे. माणसं या गोल कवचाच्या आडोशाने माती खणत, कवच पुढे रेटलं जाई आणि मागे बिडाचे तुकडे बोल्टने जोडून नळी तयार होई. वरचा रस्ता फोडावाच लागत नसे. मुंबईची ॲक्वा लाइन (भुयारी मेट्रो) खोदणारी टीबीएम, म्हणजे बोगदा खोदणारं यंत्र, याच शील्डची वंशज. माझ्या मते दिवसभरातली सर्वांत मोलाची वस्तू हीच, तिला हात लावून बघा.

शेवटी लंडन ब्रिज आणि कॅनडा वॉटरला गाड्या बदलून वॉपिंगला या. फलाटाच्या थेम्सकडच्या टोकाला दोन कमानी दिसतात, तो अभियंता मार्क ब्रुनेलचा थेम्सखालून जाणारा बोगदा. 1825 ला काम सुरू झालं, 1843 ला तो खुला झाला. त्याच्या शील्डमध्ये 36 खण होते, प्रत्येकात एक माणूस: समोरची एक फळी काढायची, थोडी माती खणायची, फळी पुन्हा लावायची. नदी अनेकदा आत घुसली. 1828 च्या पुरात 6 कामगार गेले. पलीकडच्या रॉदरहाइथला ब्रुनेल संग्रहालय आहे, तिथे बोगद्याच्या मूळ विहिरीत, म्हणजे खाली उतरायच्या उभ्या खड्ड्यात, उतरता येतं. मात्र ते रोज उघडं नसतं, त्यामुळे वेळ आधी पाहून मगच दिवस ठरवा.