एकच क्रियापद, दोन टोकं

अनुवादाच्या कामाला लागून मला तीन महिनेही झाले नव्हते. एका अहवालात वाक्य आलं, ‘द बोर्ड सँक्शन्ड टू मेंबर्स’. मी लिहिलं, मंडळाने दोन सदस्यांना मंजुरी दिली. मजकूर तपासणाऱ्या ताईंनी पुढच्या वाक्यावर बोट ठेवलं: त्या सदस्यांनी निर्णयाविरुद्ध अपील केलं होतं. मंजुरीविरुद्ध कोण अपील करेल? मंडळाने त्यांच्यावर कारवाई केली होती.

या कामात नवे असाल तर आधी क्रियापदाचं कर्म बघा. कर्ज, खर्च किंवा आराखडा ‘सँक्शन’ झाला तर मंजुरी; माणूस किंवा देश असेल तर बहुधा शिक्षा किंवा निर्बंध. ‘डस्ट’चंही तसंच. कपाट ‘डस्ट’ केलं की धूळ जाते, केक ‘डस्ट’ केला की त्यावर पिठीसाखर येते. ‘रेंट’ला शब्दयोगी अव्यय लागतं: ‘टू’ म्हणजे भाड्याने देणं, ‘फ्रॉम’ म्हणजे घेणं. ‘क्लीव्ह’ म्हणजे दुभंगणं, पण ‘क्लीव्ह टू’ म्हणजे घट्ट धरून राहणं. जुन्या इंग्रजीतली दोन वेगळी क्रियापदं उच्चार झिजत झिजत एका रूपात आली, त्याचा हा परिणाम.

मला सर्वांत धोक्याचं वाटतं ते ‘टेबल’, कारण इथे वाक्य काहीच सांगत नाही. ब्रिटनमध्ये प्रस्ताव ‘टेबल’ करणं म्हणजे चर्चेला मांडणं, अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचे लष्करी अधिकारी याच शब्दावरून बराच वेळ कडाक्याने भांडले, आणि शेवटी कळलं की दोघांना एकच हवं होतं. चर्चिल यांनीच ते लिहून ठेवलंय. म्हणून इतिवृत्त हाती आलं की मी आधी ते कुठल्या देशातलं आहे ते बघते. तरीही उलगडलं नाही, तर काम देणाऱ्याला सरळ विचारते.

आपल्याला हे परकं वाटू नये. ‘त्याने दुकान वाढवलं’ या वाक्यात दुकान मोठं झालं की दिवसापुरतं बंद झालं? ‘रात्री नऊला’ एवढं जोडलं की शंका उरत नाही.

म्हणूनच मी वहीत नुसता शब्द आणि अर्थ उतरवत नाही. सबंध वाक्य लिहिते आणि ज्या शब्दामुळे अर्थ पक्का झाला, त्याच्याखाली रेघ ओढते. ‘सँक्शन’च्या पानावर ती रेघ ‘अपील’खाली आहे.