स्टीम डेकवर ईडीएफ ४.१: मुंग्यांच्या गर्दीत टिकायचं कसं

अर्थ डिफेन्स फोर्स ४.१, म्हणजे आपण ज्याला नुसतं ईडीएफ म्हणतो तो गेम, त्यात कथा विचाराल तर दोन ओळींची आहे. आकाशातून यानं येतात, शहरात बसएवढ्या मुंग्या सोडतात, आणि आपण बंदूक घेऊन सुटायचं. पण एकाच वेळी स्क्रीनवर एवढी गर्दी होते, बिल्डिंगा पडतायत, रेडिओवर कोणीतरी ओरडतंय, बाजूचे सैनिक "ईडीएफ! ईडीएफ!" करतायत, की टीव्हीवर खेळतानाच काय चाललंय ते कळत नाही, मग स्टीम डेकसारख्या हँडहेल्डच्या, म्हणजे हातात धरून खेळायच्या मशीनच्या, सात इंची स्क्रीनवर तर विचारूच नका. बरेच जण दहाव्या-पंधराव्या मिशनला वैतागून सोडून देतात आणि म्हणतात हँडहेल्डवर हा गेम होत नाही. होतो, मस्त होतो, फक्त मोठ्या स्क्रीनच्या सवयी थोड्या बाजूला ठेवाव्या लागतात.

तसं बघितलं तर ही सिरीज हँडहेल्डवर नवीन नाहीच. सँडलॉट या जपानी कंपनीने पहिला गेम २००३ मध्ये प्लेस्टेशन २ साठी काढला, आणि २०१२ मध्ये जपानात सोनीच्या व्हिटा या हँडहेल्डवर '२०१७ पोर्टेबल' आला (ते २०१७ म्हणजे कथेतलं साल, रिलीजचं नव्हे, यात नवीन माणूस हमखास फसतो). ४.१ प्लेस्टेशन ४ वर २०१५ ला आणि पीसीवर २०१६ ला आला, आणि मी खाली जे सांगतोय ते पीसी व्हर्जन स्टीम डेकवर खेळायचं धरून सांगतोय. दुसरं कुठलं हँडहेल्ड असेल तर बटणांची नावं बदलतील, खेळायची पद्धत तीच.

आधी सेटिंग, कारण इथे लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात. तीन ठिपक्यांचं बटण दाबून परफॉर्मन्स मेनूत जा आणि फ्रेम लिमिट (सेकंदाला जास्तीत जास्त किती चित्रं दाखवायची तो आकडा) ४० ला लावा. ६० का नाही, तर या गेममध्ये फ्रेम नेमके तेव्हाच पडतात जेव्हा तुम्ही अडचणीत असता, म्हणजे शंभर मुंग्या अंगावर आल्यावर, आणि ६० वरून धाडकन खाली येण्यापेक्षा ४० वर टिकून राहिलेलं हाताला फार बरं वाटतं. आणि ३० का नाही, तर हिशोब करा, ३० ला एक फ्रेम ३३ मिलिसेकंद टिकते, ६० ला साधारण १७, आणि ४० ला बरोब्बर २५, म्हणजे आकडा जरी ३० च्या जवळचा वाटला तरी वेळेच्या हिशोबाने ४० अगदी मधोमध पडतं. डेकच्या ओएलईडी मॉडेलचा (जुनं मॉडेल एलसीडीचं) स्क्रीन ९० हर्ट्झचा आहे, तिथे ४५ लावलं तरी चालेल.

बॅटरी वाचवायला लोक त्याच मेनूत टीडीपी, म्हणजे चिपला किती वॉट खाऊ द्यायचे ती मर्यादा, एकदम खाली आणून ठेवतात, ते करू नका. कमी टीडीपीवर पहिली मिशनं लोण्यासारखी चालतात आणि तुम्ही खुश होता, आणि मग मोठी झुंड आली की प्रोसेसरची हवाच जाते. टीडीपी कमी करायचाच तर गर्दीचं एखादं मिशन लावून, सगळ्या मुंग्या अंगावर ओढून, तेव्हा आकडा एकेक करून खाली आणा आणि फ्रेम हलायला लागले की एक पायरी वर जाऊन थांबा. एलसीडी डेकची बॅटरी ४० वॉट-तासांची आहे आणि ओएलईडीची ५०, चिप पूर्ण १५ वॉट खात असेल आणि वर स्क्रीन, पंखा, वायफाय धरलं तर एलसीडीवर दोन तास निघणं कठीण, हे आधीच मान्य करून चार्जर जवळ ठेवा. ऑफलाइन खेळत असाल तर वायफाय बंद करून टाका. आणि मिशन मध्येच सोडावं लागलं तर पॉवर बटण दाबून झोपवा, परत उठवलं की तीच मुंगी तिथेच तोंड उघडून उभी असते. ऑनलाइन असाल तर मात्र रूममधून बाहेर फेकले जाल.

अक्षरं बारीक आहेत, शस्त्रांच्या स्क्रीनवर तर फारच. स्टीम बटण धरून एल१ दाबलं की भिंग येतं. दर वेळी नाही लागत, पण नवीन बंदुकीची रेंज आणि रिलोडचा वेळ वाचायला लागतंच, आणि ते दोन आकडे न वाचता बंदूक उचलणारा माणूस या गेममध्ये मरतोच. डॅमेज मोठा दिसतो म्हणून रॉकेट घेतलं आणि रिलोडला अनेक सेकंद, तोपर्यंत मुंगी तुमच्या डोक्यावर.

आता कंट्रोल. माझ्या मते हँडहेल्डवर जी काही अडचण आहे त्यातली निम्मी इथे सुटते. तुमचा उजवा अंगठा कॅमेऱ्याच्या स्टिकवरून उचलला गेला नाही पाहिजे, कधीच नाही, कारण ज्या क्षणी तो उचलता त्या क्षणी तुम्ही वळू शकत नाही आणि मुंगी नेमकी मागून चावते. म्हणून जे जे काम अंगठ्याने वरच्या बटणांवर करावं लागतं ते मागच्या चार बटणांवर टाका. माझ्याकडे एल४ ला उडी आहे, आर४ ला शस्त्र बदल, आणि गाडीत चढण्या-उतरण्याचं एल५ ला, आर५ मी रिकामं ठेवलंय कारण घट्ट पकडताना ते चुकून दाबलं जातं. रेंजर, म्हणजे गेममधला साधा पायदळ सैनिक, बाजूला जाता जाता उडी दाबली की लोळण घेतो, आणि ॲसिडच्या पिचकाऱ्यांतून निसटायला हीच लोळण, तर ती मागच्या बटणावर असली की लोळता लोळता कॅमेरा फिरवता येतो, म्हणजे उठेपर्यंत तुमचं तोंड शत्रूकडे झालेलं असतं. एकदा सवय झाली की परत साध्या कंट्रोलरवर हात जात नाही.

गायरोबद्दल, म्हणजे डेकच हलवून नेम धरण्याबद्दल, दोन मतं आहेत. मी लावतो, पण उजव्या स्टिकवर अंगठा टेकला असेल तेव्हाच चालू होईल असं, आणि सेन्सिटिव्हिटी कमी. मोठं वळण स्टिकने घ्यायचं आणि शेवटचा केसभर नेम मनगटाने. स्नायपर रायफल आणि उडणारे शत्रू यांच्यासाठी फरक पडतो, जमिनीवरच्या मुंग्यांसाठी अजिबात नाही, तिथे नेम न धरता गोळी मारली तरी कोणाला तरी लागतेच. प्रवासात हलत्या गाडीत बसून खेळणार असाल तर गायरो बंदच ठेवा.

आता खेळायचं कसं. छोट्या स्क्रीनवर नजर मुंग्यांवर ठेवू नका, रडारवर ठेवा. ऐकायला विचित्र वाटेल पण स्क्रीनच्या मधोमध काय चाललंय ते तुम्हाला आपोआप दिसतं, बाजूचं आणि मागचं दिसत नाही, आणि मरण तिथूनच येतं. लाल ठिपके शत्रू, निळे आपली माणसं, हिरवे वस्तू. लाल ठिपके सगळे एका बाजूला असतील तर तुम्ही बरोबर खेळताय. ठिपके तुमच्या भोवती गोल करायला लागले की गोळी मारणं सोडा आणि सगळ्यात मोकळी बाजू बघून पळा, मुंग्या मागे येतील, परत सगळ्या एका बाजूला होतील, मग वळा आणि झोडा. गेमचा निम्मा भाग हाच आहे, झुंड एका बाजूला ठेवणं. उलटं चालत गोळ्या मारणं तर बोटांत इतकं बसलं पाहिजे की विचार करावा लागू नये, फक्त मागे मोकळा रस्ता आहे ना हे मिशन सुरू व्हायच्या आधीच कॅमेरा फिरवून बघून ठेवायचं. मागे बिल्डिंग असेल तर एक रॉकेट टाका, पडेल. पडणाऱ्या बिल्डिंगने कोणाला काही होत नाही, ना तुम्हाला ना मुंग्यांना, त्यामुळे शहराची काळजी करायचं कारण नाही, रस्ता करा.

मात्र स्वतःच्या रॉकेटचा स्फोट स्वतःला लागतो, आणि चांगलाच लागतो. लाल मुंगी अंगाशी आली, घाबरून रॉकेट दाबलं, दोघंही उडाले, हे सुरुवातीला सगळ्यांचं होतं. म्हणून दोन शस्त्रांतलं एक नेहमी जवळचं ठेवायचं, साधी असॉल्ट रायफल किंवा शॉटगन. लांबचं दुसरं.

आणखी एक गोष्ट, जी गेम कुठेही नीट सांगत नाही. बऱ्याच मिशनमध्ये सुरुवातीला दिसणारे सगळे शत्रू जागे नसतात. ते गटागटाने नुसते फिरत असतात, आणि तुम्ही एकाला गोळी घातली की त्याचा गट अंगावर येतो, बाकीचे आपले तिथेच. मग काय, स्नायपर घ्या, सगळ्यात कडेच्या गटातल्या एकाला मारा, तेवढे येऊ द्या, संपवा, मग पुढचा गट. ज्या मिशनमध्ये तुम्ही सारखे मरताय ते बहुतेक या एका कारणाने, मधोमध रॉकेट टाकून एकदम सगळ्यांना उठवलेलं असतं. एक भानगड आहे, सोबतचे सैनिक हे काही पाळत नाहीत, ते दिसेल त्याला गोळी घालतात, त्यामुळे कधी कधी त्यांच्याजवळ न जाता त्यांना टीममध्ये न घेणंच बरं. नाहीतर ते कामाचे आहेत, शत्रू त्यांच्या मागे लागतात आणि तुम्हाला श्वास घ्यायला मिळतो. तुमची गोळी त्यांना लागते हे लक्षात ठेवा.

प्रत्येक शत्रूचं वेगवेगळं आहे. काळी मुंगी लांबून ॲसिड फेकते, लाल मुंगी जवळ येऊन चावते आणि तोंडात धरून हलवते, दोघींना मागे सरत मारता येतं. कोळी उड्या मारतात त्यामुळे मागे सरून काही उपयोग नाही, एका उडीत ते तुमच्या पुढ्यात. त्यांच्यासाठी लांब असतानाच स्फोटवालं काहीतरी टाकायचं आणि मध्ये बिल्डिंगा ठेवायच्या, म्हणजे इथे बिल्डिंगा पाडायच्या नाहीत, मुंग्यांच्या उलटं. जो मोठा कोळी जाळं लावून बसतो आणि दोरा टाकून तुम्हाला ओढतो त्याला सगळ्यात आधी स्नायपरने उडवा, बाकी कितीही गोंधळ चालू असू दे. वरून शत्रू सोडणाऱ्या यानांना कुठेही मारून फायदा नाही, खालचं झाकण उघडतं तेव्हाच आत गोळी जाते, तर त्याच्या खाली जाऊन वाट बघावी लागते आणि तेवढ्यात खाली उतरलेलेही सांभाळावे लागतात. उडणाऱ्या माश्यांना होमिंग, म्हणजे आपोआप पाठलाग करणारं मिसाईल, छोट्या स्क्रीनवर त्यांचा नेम धरत बसणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा.

क्लास चार आहेत. हँडहेल्डवर पहिल्यांदा रेंजरच घ्या. विंग डायव्हर उडते, मजा तीच सगळ्यात जास्त देते, पण तिची उडायची एनर्जी आणि बऱ्याच शस्त्रांची एनर्जी एकाच टाकीतून जाते, ती पूर्ण संपली की भरेपर्यंत ना उडता येतं ना धड मारता येतं, म्हणून तो गेज बघत राहावा लागतो आणि छोट्या स्क्रीनवर रडार आणि गेज दोन्ही बघणं सवयीने येतं. फेन्सर दोन्ही हातांत शस्त्र घेतो, दोन्ही ट्रिगर सतत दाबून डेकच्या वजनासकट बोटं दुखतात, छोट्या बैठकीसाठी ठीक. एअर रेडर, जो हवाई हल्ले आणि गाड्या मागवतो, एकट्याने खेळायला कठीण, मित्रांबरोबर ऑनलाइन असेल तर त्याच्यासारखा कोणी नाही. दोन जणांचं स्प्लिट स्क्रीन डेकच्याच पडद्यावर खेळायचा प्रयत्नसुद्धा करू नका, डॉकला (टीव्हीशी जोडायच्या स्टँडला) लावून टीव्हीवर खेळा.

उरलं ते पेट्यांचं. मेलेले शत्रू पेट्या टाकतात, हिरव्यातून शस्त्र, लालमधून आर्मर म्हणजे तुमची कायमची लाइफ वाढते, पांढऱ्या लगेच जखम भरतात. ४.१ मध्ये ज्या क्लासने खेळाल त्याचंच आर्मर वाढतं, आणि मिशन संपलं की जमिनीवर राहिलेल्या पेट्या गेल्या. त्यामुळे शेवटचा एक शत्रू जिवंत ठेवायचा आणि तो मागे लागलेला असताना शहरभर पळत सगळं गोळा करायचं. कोणता ठेवायचा ते आधीच ठरवा, एकटी काळी मुंगी चालते, कोळी ठेवू नका. आणि मधल्या लाटांमध्ये पण हेच, लाटेतला शेवटचा मेला की पुढची लाट येते, तर त्याला थोडा वेळ पळवा, पांढऱ्या पेट्या उचलून जखमा भरून घ्या आणि मग मारा. पांढऱ्या पेट्या गरज नसताना उचलून टाकू नका, कुठे पडल्यात तेवढं ध्यानात ठेवा.

ऑफलाइन ८९ मिशनं आहेत आणि डिफिकल्टी प्रत्येक मिशनला वेगळी निवडता येते, क्लाससुद्धा. पहिल्या फेरीला नॉर्मल. अडकलात तर पुढे डोकं आपटत बसण्यापेक्षा आधीचं एखादं सोपं वाटलेलं मिशन हार्डवर खेळा, तिथे वरच्या लेव्हलची शस्त्रं पडतात, त्यातलं एखादं चांगलं लागलं की अडकलेलं मिशन दहा मिनिटांत सुटतं. इन्फर्नो, म्हणजे सगळ्यात कठीण डिफिकल्टी, आर्मर कमी असताना उघडून बघायचं असेल तर बघा, पहिल्या मुंगीची पहिली पिचकारी पुरते.