हिस्पॅनिक मतदार आणि डिपोर्टेशन: यावर मत ठोकायच्या आधी या चुका टाळा

अमेरिकेत बेकायदा राहणाऱ्यांना डिपोर्ट करायला, म्हणजे देशाबाहेर हाकलायला, कुठे इमिग्रेशनची धाड पडली की आपल्या ग्रुपवर ठरलेले दोन मेसेज येतात. एक म्हणजे "ट्रम्पला मतं दिलीत ना, मग भोगा आता", आणि दुसरा "बघा, हिस्पॅनिक लोकांनाच बेकायदा लोक नकोयत, मग मीडिया कशाला रडतंय". गंमत अशी की दोघंही बहुतेक वेळा एकच आकडा घेऊन भांडत असतात, 2024 चा एक्झिट पोल, ज्यात ट्रम्पला साधारण 46 टक्के लॅटिनो (इथे हिस्पॅनिकच समजा) मतं दाखवली होती. आकडा खरा आहे, पण त्यातून जे काढलं जातं ते बऱ्याचदा उचलली जीभ लावली टाळ्याला असं असतं. यूट्यूबवर मराठीत अमेरिकेचं राजकारण समजावणारे पण यात सुटलेले नाहीत, म्हणून जिथे जिथे गाडी घसरते त्या जागा लिहून काढतोय.

मतदार आणि डिपोर्ट होणारा माणूस एकच समजणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि बाकीच्या निम्म्या चुका इथूनच निघतात. मतदार म्हणजे नागरिक. ग्रीन कार्डवाल्यालाही प्रेसिडेंटच्या इलेक्शनला मत नसतं, हे न्यू जर्सीच्या एडिसन-जर्सी सिटीतल्या आपल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. 2024 ला मत द्यायला पात्र असलेले हिस्पॅनिक जवळपास 3 कोटी 62 लाख होते आणि त्यातले बहुतेक अमेरिकेतच जन्मलेले. पोर्टो रिकोचे लोक तर 1917 च्या कायद्यापासून जन्मानेच नागरिक, त्यांना डिपोर्ट करणार तरी कुठे? त्यामुळे "स्वतःलाच हाकलायला मत दिलं" हे वाक्य ऐकायला खमंग असलं तरी कायद्याने चुकीचं आहे.

पण मग त्यांना काही फरक पडत नाही असंही नाही, इथे दुसऱ्या टोकाला जाऊ नका. एकाच घरात बापाकडे कागद नाहीत, आईकडे ग्रीन कार्ड, मोठ्या मुलाला 2012 च्या ओबामांच्या डाका योजनेचं (लहानपणी आणलेल्यांना डिपोर्ट न करण्याची) संरक्षण, आणि धाकटी टेक्सासमध्ये जन्मलेली म्हणून नागरिक आणि मतदार, अशी घरं भरपूर आहेत. सर्व्हेवाला फोन करतो तो त्या धाकटीला. ती उत्तर देते स्वतःच्या नावाने, पण डोक्यात घर असतं, आणि शेजारच्या घरातली तशीच मतदार मुलगी, जिचे आजी-आजोबा 1950 मध्येच स्थायिक झालेत, तिच्या डोक्यात वेगळं घर असतं. सर्व्हेत दोघी एकाच रकान्यात.

सगळ्यांना एकाच माळेचे मणी करणं

फ्लोरिडातल्या मायामीतला क्यूबन, त्याच्या शेजारच्या डोरलमधला व्हेनेझुएलन, ऑर्लँडोजवळचा पोर्टो रिकन आणि मेक्सिकोच्या सीमेवरच्या रिओ ग्रांदे नदीच्या काठचा टेक्सन-मेक्सिकन, या चौघांचा इमिग्रेशनशी आलेला संबंध चार तऱ्हेचा आहे. क्यूबन लोकांना 1966 च्या कायद्याने एक वेगळाच दरवाजा मिळाला होता, अमेरिकेच्या जमिनीला पाय लागला की राहू द्यायचं हे धोरण तर जानेवारी 2017 पर्यंत चाललं. व्हेनेझुएलन लोकांना 2021 मध्ये बायडन सरकारने तात्पुरतं संरक्षण दिलं, ट्रम्प सरकारने 2025 मध्ये ते काढायला घेतलं आणि मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने आडकाठी केली नाही. म्हणजे डोरलमध्ये असंही घर आहे की नागरिक झालेल्या काकाने 2024 ला ट्रम्पला मत दिलं, कारण व्हेनेझुएलाचे तेव्हाचे सत्ताधीश मादुरो यांच्याशी कडक वागणारा माणूस हवा होता, आणि पुतण्याचं वर्क परमिट पुढच्याच वर्षी धोक्यात आलं. याला तुम्ही "हिस्पॅनिक मत" म्हणून एक आकडा लावणार तर लावा, पण तो कशाचा आकडा आहे ते कोणालाच सांगता येणार नाही.

टक्का वाचणं, प्रश्न न वाचणं

ऑक्टोबर 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि सिएना कॉलेजने हिस्पॅनिक मतदारांचा वेगळा सर्व्हे केला. त्यात बेकायदा राहणाऱ्यांना डिपोर्ट करायला 45 टक्क्यांचा पाठिंबा निघाला, सीमेवरच्या भिंतीला 43 टक्क्यांचा. हेडलाइन तेवढीच फिरली. त्याच सर्व्हेत साधारण दोन तृतीयांश लोक असंही म्हणत होते की इथे आधीपासून राहणाऱ्यांना नागरिकत्वाचा रस्ता मिळावा. आता 45 आणि 67 ची बेरीज शंभराच्या पुढे जाते, म्हणजे काही माणसं दोन्हीला हो म्हणाली, आणि लोक लगेच म्हणतात ही जनता गोंधळलेली आहे. गोंधळ वगैरे काही नाही हो. "डिपोर्ट" शब्द ऐकला की एकाच्या डोळ्यासमोर टोळीतला गुंड येतो आणि "नागरिकत्व" ऐकलं की वीस वर्षं छपरं घालणारा मामा येतो, दोन वेगळी माणसं आहेत ती.

प्रश्न जरा फोडून विचारला की काय होतं ते प्यू रिसर्च या सर्व्हे करणाऱ्या संस्थेच्या 2025 च्या सुरुवातीच्या सर्व्हेत दिसतं, तो सगळ्या अमेरिकन प्रौढांचा आहे, फक्त हिस्पॅनिकांचा नाही, पण पद्धत शिकण्यासारखी आहे. "काही बेकायदा लोकांना डिपोर्ट करावं" म्हणणाऱ्यांना पुढे विचारलं, कोणाला? हिंसक गुन्हा केलेल्यांना, असं 97 टक्के म्हणाले. नोकरी करणाऱ्यांना? 15 टक्के. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेल्यांना? 5 टक्के. एकच शब्द, 97 पासून 5 पर्यंत. त्यामुळे कुठलाही आकडा फॉरवर्ड करायच्या आधी मूळ प्रश्न शोधा, "सगळ्यांना" होता का "गुन्हेगारांना" होता का नुसता "डिपोर्टेशन" होता. प्रश्न सापडत नसेल तर तो आकडा सोडून द्या.

सीमा आणि गल्ली यात फरक न करणं

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा लांबवतो.

मार्च 2024 मध्ये प्यूने छापलेल्या सर्व्हेत लॅटिनो प्रौढांना सीमेवर येणाऱ्या लोंढ्याबद्दल विचारलं होतं, तेव्हा 75 टक्के लोकांनी त्याला मोठी समस्या किंवा संकट म्हटलं. तीन चतुर्थांश! सीमेजवळच्या गावात हे समजायला अवघडही नाही, कारण बॉर्डर पेट्रोलमध्ये निम्म्याच्या आसपास एजंट स्वतः हिस्पॅनिक आहेत, टेक्सासच्या त्या पट्ट्यात ती चांगल्या पगाराची, पेन्शनची, घरात एकाला तरी मिळावी अशी सरकारी नोकरी आहे. तिथे "एन्फोर्समेंट" म्हणजे कोणी परका गणवेशवाला नाही, चुलतभाऊच असतो.

मग 2025 आलं आणि कारवाई सीमेवरून उठून शहरात आली. जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये कपड्यांच्या गोदामावर धाड, होम डेपो या बांधकामाच्या सामानाच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये सकाळी रोजंदारीसाठी उभ्या असलेल्या मजुरांच्या मागे धावणारे तोंड झाकलेले एजंट, कार वॉशवर धरपकड, पाठोपाठ नॅशनल गार्डचे सैनिक. खालच्या कोर्टाने वंश, भाषा, जागा, कामाचा प्रकार एवढ्यावरून कोणाला अडवू नका म्हणून रोखलं होतं, 8 सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने ती रोख उठवली. आता यात नागरिक आणि बिगरनागरिक हा फरक चेहऱ्यावरून कसा कळणार? सुक्याबरोबर ओलंही जळतं तसं झालं. प्यूने त्याच वर्षाच्या शेवटी छापलेल्या सर्व्हेत लॅटिनो प्रौढांपैकी 52 टक्के म्हणत होते की आपण, घरातलं कोणी किंवा जवळचा मित्र डिपोर्ट होईल अशी काळजी वाटते, मार्चमध्ये हेच 42 होतं. दहातला साधारण एक जण आता कागदपत्रं नेहमीपेक्षा जास्त वेळा सोबत ठेवतो म्हणाला. सरकारचं इमिग्रेशनचं काम 65 टक्क्यांना पसंत नव्हतं.

म्हणजे लोकांनी मत फिरवलं का? काहींनी फिरवलं असेल, पण बऱ्याच जणांसाठी प्रश्नच बदलला. 2024 मध्ये "सीमा आवरा" म्हणणारा माणूस 2025 मध्ये "आमच्या चर्चबाहेर गाडी का उभी केलीत" विचारतो, तर तो दोन्ही वेळा खरंच बोलतोय. फ्लोरिडाच्या राज्य सिनेटर इलियाना गार्सिया, ज्यांनी "लॅटिनाज फॉर ट्रम्प" सुरू करण्यात हात दिला होता, त्यांनीच जून 2025 मध्ये जाहीर सांगितलं की आम्ही यासाठी मत दिलं नव्हतं. आणि दक्षिण टेक्सासमध्ये घरबांधणीच्या साइटवर धाडी सुरू झाल्या तेव्हा ओरडा कोणी केला, तर बिल्डर आणि काँक्रीटवाल्यांनी, ज्यात ट्रम्पचे मतदारही होते, कारण कागद असलेले मजूरसुद्धा कामावर यायला घाबरायला लागले, अर्धी घरं तशीच उभी राहिली.

तरी एक आकडा लक्षात ठेवा, नाहीतर दुसरीकडे वाहवत जाल: त्याच प्यू सर्व्हेत ट्रम्पला मत दिलेल्या लॅटिनोंपैकी 81 टक्के लोक तेव्हाही त्यांच्या कामावर खूश होते. आधी 93 होते. घसरण आहे, पण पळापळ नाही.

मत म्हणजे इमिग्रेशनवरचा कौल समजणं

स्टार काउंटी (म्हणजे जिल्हा), टेक्सास. 97 टक्के हिस्पॅनिक, नदीच्या काठावर. 2016 ला तिथे हिलरी क्लिंटनना 79 टक्के मतं होती, 2024 ला ट्रम्प जवळपास 58 टक्के घेऊन जिंकले, 1892 नंतर पहिल्यांदा तिथे रिपब्लिकन उमेदवार पुढे आला. यावर इकडच्या चॅनेलांनी लगेच "हिस्पॅनिकांचा डिपोर्टेशनला कौल" लावून टाकला. अरे पण विचारलं कोणी? प्यूच्या 2024 च्या सर्व्हेत लॅटिनो मतदारांपैकी 85 टक्क्यांना अर्थव्यवस्था फार महत्त्वाची वाटत होती, इमिग्रेशन त्याच्या बरंच खाली. अंडी, पेट्रोल, घरभाडं हे विषय होते, तेलाच्या रिगवरची नोकरी जाईल का हा विषय होता. टाइम्सच्या त्याच सर्व्हेत दोन तृतीयांश लोकांना वाटत होतं की ट्रम्प इमिग्रंटबद्दल बोलतात तेव्हा ते आपल्याबद्दल बोलत नाहीत. "आपल्याबद्दल नाही" हे ज्याला वाटतं तो इमिग्रेशनचं भाषण ऐकून सोडून देतो आणि महागाईवर बटण दाबतो.

हे सगळं नवीन आहे असं वाटणं

अजिबात नाही. कॅलिफोर्नियात 1994 ला बेकायदा लोकांच्या सरकारी सेवा बंद करणारा प्रस्ताव 187 आला, तेव्हाही एक्झिट पोलनुसार साधारण चौथा हिस्सा लॅटिनो मतदार त्याच्या बाजूने होते. ॲरिझोनात 2004 च्या प्रस्ताव 200 ला तर 47 टक्के. त्याच्याही मागे जा, शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ यांची युनियन 1974 च्या सुमारास कागद नसलेल्या मजुरांची तक्रार खुद्द इमिग्रेशन खात्याकडे करत होती, कारण मळेवाले संप फोडायला तेच मजूर आणायचे. पोटाचा प्रश्न होता.

आणि डिपोर्टेशन म्हणजे फक्त रिपब्लिकन ही पण चूक. ओबामांना 2014 मध्ये एका मोठ्या लॅटिनो संघटनेच्या अध्यक्षांनी "डिपोर्टर इन चीफ", म्हणजे हाकलणाऱ्यांचे म्होरके, म्हटलं होतं. 2024 मध्ये ॲरिझोना कमला हॅरिस हरल्या आणि डेमोक्रॅट रुबेन गायेगो तिथूनच सिनेटवर गेले, जाताच चोरीसारख्या आरोपांवरही बेकायदा लोकांना कोठडीत ठेवणाऱ्या लेकन रायली कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला.

आपल्याकडे याची नक्कल बघायची असेल तर 5 फेब्रुवारी 2025 आठवा, 104 भारतीयांना घेऊन अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, त्यात महाराष्ट्रातले तीन जण होते. तेव्हा तिकडे नागरिक झालेल्या मराठी लोकांतच "बेड्या कशाला घातल्या" आणि "आम्ही वर्षानुवर्षं रांगेत थांबलो, हे डाँकीने (चोरवाटेने) का गेले" असे दोन तट पडले होते, बऱ्याच वेळा तर एकाच माणसाच्या तोंडी दोन्ही वाक्यं. लॅटिनोंचं जरा जास्त जवळून, जास्त वर्षांपासून चाललंय एवढंच.

छोट्या सॅम्पलवर उड्या मारणं

शितावरून भाताची परीक्षा होते, पण शितं किती ते तर बघा. हजार लोकांच्या नेहमीच्या राष्ट्रीय सर्व्हेत हिस्पॅनिक शे-सव्वाशे असतात, म्हणजे आकडा वरखाली नऊ पॉइंट सहज हलू शकतो. गेल्या महिन्यात 38 आणि या महिन्यात 44, यावर "हिस्पॅनिकांचा मूड पालटला" म्हणून व्हिडिओ करू नका. सर्व्हे स्पॅनिशमध्येही घेतला का ते बघा. आणि 2024 च्या निकालाचेच तीन आकडे आहेत, एक्झिट पोल 46, एपी या वृत्तसंस्थेचा 43 च्या आसपास, प्यूने मतदारयादीशी पडताळून काढलेला 48. जो सोयीचा तो उचलायचा असं चालत नाही, एक धरा आणि मागच्या वर्षांशी तुलनाही त्याचीच करा. प्यूचा धरलात तर 2016 ला 28, 2020 ला 36, 2024 ला 48.

लगेच उलटा निकाल लावणं

नोव्हेंबर 2025 ला न्यू जर्सीतल्या पसेइक काउंटीत, जिथे मोठी हिस्पॅनिक वस्ती आहे आणि 2024 ला ट्रम्प थोडक्यात जिंकले होते, गव्हर्नरच्या इलेक्शनला डेमोक्रॅट मिकी शेरिल दणक्यात जिंकल्या. डिसेंबरात मायामीला जवळपास तीस वर्षांनी डेमोक्रॅट महापौर आली. लगेच "हिस्पॅनिक परत आले" सुरू. गव्हर्नर आणि महापौराच्या इलेक्शनला येणारा मतदार कमी आणि वेगळा असतो, वीजबिल हा न्यू जर्सीत केवढा मोठा मुद्दा होता हे तिथल्या आपल्या लोकांना विचारा. दुसरीकडे टेक्सासच्या रिपब्लिकनांनी 2025 च्या उन्हाळ्यात काँग्रेसच्या मतदारसंघांचा नवा नकाशा काढला, पाच जागा जास्त मिळाव्यात म्हणून, आणि त्यातल्या काही जागांत हिस्पॅनिक बहुसंख्य आहेत. ते गणित 2024 ची मतं तशीच राहतील या भरवशावर मांडलंय. सुप्रीम कोर्टाने डिसेंबरात तो नकाशा 2026 साठी वापरू दिला. म्हणजे शेरिलच्या निकालावरून नाचणारे आणि स्टार काउंटीवरून नाचणारे, दोघांनाही बघायची जागा तीच आहे, दक्षिण टेक्सासच्या त्या दोन-तीन सीट.