घरगुती उपाय त्वचेवर लावायच्या आधी काय काय बघायचं

नैसर्गिक आहे, लाव बिनधास्त, असं कोणी सांगितलं म्हणून लगेच वाटी-चमचा घेऊन बसू नका. स्वयंपाकघरातल्या काही गोष्टी त्वचेला खरंच आराम देतात आणि काही चक्क भाजतात, त्यामुळे खालच्या क्रमानेच जा.

1. आधी जागा नीट बघा
त्वचा फुटलेली असेल, पाणी किंवा पू येत असेल, तर घरातलं काहीही लावायचं नाही. भाजलं असेल तर लोक धावत जाऊन टूथपेस्ट नाहीतर तूप चोपडतात, प्लीज असं करू नका, त्याने उष्णता आतच अडकते, इन्फेक्शनचा धोका वाढतो आणि नंतर जखम साफ करताना तो थर काढावा लागतो तेव्हा जीव जातो. नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा, बर्फ नको, आणि अंगठी-बांगडी लगेच काढा कारण सूज चढते.

2. काय लावताय ते ओळखा
आपल्या त्वचेचा पीएच (आम्लपणा मोजायचं माप, 7 म्हणजे मधोमध, त्याखाली आम्ल आणि वर अल्कली) साधारण 4.5 ते 5.5, म्हणजे किंचित आम्लधर्मी. लिंबाचा रस 2 च्या आसपास आणि खायचा सोडा 8 च्या वर, दोन्ही त्वचेचं वरचं संरक्षण बिघडवतात. लिंबाचा अजून एक प्रॉब्लेम म्हणजे त्यातले काही घटक उन्हात रिअ‍ॅक्शन देतात, आणि ती लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी लाल होतं, फोड येतात, मग काळपट डाग पडतात, तेही रस जसा ओघळला असेल तशाच पट्ट्यांचे, आणि ते कित्येक महिने जात नाहीत. डाग घालवायला लावलं होतं ना!

ठेचलेला लसूण बांधून ठेवला तर खरोखरचे फोड येतात. व्हिनेगर पाणी न घालता लावलं तरी तेच.

चांगलं काय? बारीक दळलेले ओट्स खाजेवर बरे, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2003 मध्ये त्यांना त्वचेचं संरक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिलीय. खोबरेल तेल कोरड्या हातापायांना छान, पण पिंपल्स येत असतील तर चेहऱ्याला नकोच. हळदीतलं करक्युमिन लॅबमध्ये सूज कमी करतं हे खरं, पण त्वचेत ते फारसं शोषलं जात नाही, आणि काहींना हळदीचीही अ‍ॅलर्जी असते. मधाचं म्हणाल तर जखमेवर डॉक्टर जो वापरतात तो निर्जंतुक केलेला असतो, बरणीतला नाही.

3. पॅच टेस्ट, आणि ती घाईत नाही
ही स्टेप सगळे उडवतात म्हणून जास्त सांगतेय. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर लावा, चेहऱ्यावर जेवढा वेळ ठेवणार तेवढाच वेळ, दिवसातून दोनदा, 7 ते 10 दिवस. एवढे दिवस कशाला, तर अ‍ॅलर्जी बऱ्याचदा दोन-तीन दिवसांनी उठते, पाच मिनिटं थांबून काही झालं नाही म्हणजे सेफ असं अजिबात नसतं.

4. लावताना
एका वेळी एकच गोष्ट, नाहीतर कशाने उठलं ते कळणारच नाही. ताजं बनवा, उरलेलं फेकून द्या कारण त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं आणि जंतू भराभर वाढतात. जळजळ होतेय म्हणजे काम करतंय असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका, साध्या पाण्याने धुऊन टाका. तान्ह्या बाळांवर तर प्रयोग नकोच, त्यांची त्वचा फार पातळ असते.

5. थांबायचं कधी
लाली पसरतेय, ताप आलाय, दुखणं वाढतंय, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, आणि ओठ-डोळे सुजले किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट इमर्जन्सीला. तिथे काय लावलं होतं, कधी आणि किती वेळ, हे सगळं न लाजता सांगा, कारण लेप लावल्यावर पुरळ वेगळंच दिसतं आणि डॉक्टरांचाही अंदाज चुकू शकतो.