उडता पक्षी टिपायला निघण्याआधी

माझ्या हार्ड डिस्कवर 'शेपट्या' नावाचा एक फोल्डर आहे. एका सकाळी काढलेले आठशेच्या वर फोटो आहेत त्यात. शटर स्पीड बरोबर, फोकस बरोबर, ऊन तर दृष्ट लागावी असं कोवळं. आणि झाडून सगळे पक्षी पाठमोरे. बगळे उडाले ते माझ्याकडे पाठ करून, बदकं उठली तीही तशीच. त्या सकाळी वारा समोरून माझ्या तोंडावर येत होता आणि मी मात्र बॅगेतल्या लेन्सांचा विचार करत तिथे जाऊन बसलो होतो. तेव्हापासून माझ्या तयारीच्या यादीत पहिलं नाव कॅमेऱ्याचं नसतं, वाऱ्याचं असतं.

पक्षी बहुधा वाऱ्याकडे तोंड करून झेप घेतो आणि उतरतानाही शक्यतो वाऱ्याकडेच तोंड करतो. समोरून येणारी हवा पंखांना उचल देते, त्यामुळे त्याचे कष्ट वाचतात. आपला फायदा असा की समोरच्या वाऱ्यात जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग कमी होतो. जोराचा वारा असला की घार किंवा कुरव कधीकधी हवेत जागच्या जागी टांगल्यासारखी दिसते, ती यामुळेच. म्हणून आदल्या रात्री दोन गोष्टी बघून ठेवायच्या: सूर्य कुठून येणार आणि वारा कुठून येणार. दोन्ही आपल्या पाठीमागून आले तर उडालेला पक्षी आपल्याकडे येतो आणि ऊन त्याच्या चेहऱ्यावर पडतं. हवामानाच्या अंदाजात 'पूर्वेचा वारा' म्हणजे पूर्वेकडून येणारा वारा, हे लक्षात ठेवा. इथे बऱ्याच जणांची उलटापालट होते. पूर्वेचा वारा असेल तर सकाळ साधा, पश्चिमेचा असेल तर संध्याकाळ. उत्तर-दक्षिण वारा असला की पक्षी आडवा जातो, तेही वाईट नाही, पॅनिंगच्या, म्हणजे पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढण्याच्या, सरावाला तसाच पक्षी लागतो. सकाळी नेमका पश्चिमेचा वारा सुटला तर मात्र मी सरळ सूर्याकडे तोंड करतो आणि कडेने उजळलेल्या पंखांचे, काळ्या आकृत्यांचे फोटो काढतो. तोंडावर उजेड असलेला फोटो त्या दिवशी मिळणार नाही, हे आधीच कबूल केलं की चिडचिड होत नाही.

अंदाज चुकतोच, त्यामुळे जागेवर पोहोचल्यावर पुन्हा बघायचं. चिमूटभर सुकं गवत सोडून बघता येतं, पण त्याहून सोपी खूण समोरच असते: बसलेले पक्षी. वारा असताना थवा पाण्याकाठी विसावलेला असेल तर बहुतेक चोची एकाच दिशेला असतात. मागून वारा आला की पिसं उलटी फिरतात, ते कुठल्याच पक्ष्याला रुचत नाही. चोची तुमच्याकडे असतील तर बसा, शेपट्या असतील तर वळसा घालून पलीकडे जा.

मग पक्षी ठरवा. पाकोळीपासून सुरुवात करू नका. मी केली होती आणि दोन तासांत माझ्याकडे नुसत्या आभाळाचे सुरेख फोटो जमले. बगळा, घार, कुरव असे मोठे, संथ पंखांचे पक्षी आधी हाताखालून जाऊ द्या. त्यानंतर तेच ते ठिकाण सोडत नाहीत असे पक्षी. वेडा राघू एका काटकीवरून झेपावतो, हवेतच किडा पकडतो आणि पुष्कळदा त्याच काटकीवर येऊन तो किडा आपटायला लागतो. कोतवालाचंही तसंच, खंड्याचंही. अशा वेळी पक्ष्याच्या मागे लेन्स फिरवण्यापेक्षा काटकीच्या वाऱ्याखालच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडे जातोय तिकडे, थोडी मोकळी जागा चौकटीत ठेवायची आणि परत येण्याची वाट बघायची. उतरताना तो त्या बाजूने, वाऱ्याकडे तोंड करून आत शिरतो. कवड्या खंड्या आणि कापशी घार यांचा तर मला विशेष लोभ आहे, कारण दोघंही सावज हेरताना हवेत एका जागी पंख मारत थांबतात. नवशिक्यावर इतकी मेहेरबानी दुसरा कुठलाच पक्षी करत नाही.

उडण्याआधी पक्षी थोडा बोलतो. अंगावरची फुगलेली पिसं चापून बसतात, मान लांबते, देह पुढे झुकतो, गुडघ्यात वाकल्यासारखे पाय दुमडतात. शिकारी पक्षी पुष्कळदा उडण्याच्या जरा आधी बीट टाकतात. बहिरी ससाणा किंवा गरुड तासभर पुतळ्यासारखा बसलेला असेल आणि त्याने शेपूट उचलून पांढरी पिचकारी मारली, तर हातातलं सगळं सोडून डोळा कॅमेऱ्याला लावा. दरवेळी उडेलच असं नाही. पण ज्या वेळी मी 'जाऊ दे' म्हटलं त्या वेळी तो हटकून उडालाय.

आता थोडं गणित, कारण ते एकदा कळलं की स्वतःवरचा राग कमी होतो. फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० मिमीची लेन्स लावली आणि पक्षी २० मीटरवर असेल, तर चौकटीत मावणाऱ्या जागेची रुंदी भरते अवघी १.२ मीटर. पक्षी ताशी ३६ किलोमीटरने आडवा चालला असेल, म्हणजे सेकंदाला १० मीटर, तर एका जागी धरलेल्या चौकटीतून तो ०.१२ सेकंदात पार होतो. म्हणजे खरी अडचण शटरची नसतेच, पक्षी चौकटीत सापडण्याची असते. त्यासाठी तयारी घरीच करायची. पक्ष्यावर नजर रोखून, नजर न हलवता कॅमेरा डोळ्याशी आणण्याचा सराव करा. आपण नेमकं उलट करतो, आधी कॅमेऱ्यात डोकावतो आणि मग पक्षी शोधतो. दुसरा डोळा उघडा ठेवायला शिका. झूम लेन्स असेल तर रुंद टोकावर पक्षी पकडून मग आत जा. आणि फोकस आधीच त्या अंतराच्या आसपासच्या एखाद्या झाडावर किंवा दगडावर लावून ठेवा. लेन्स दोन मीटरवर फोकस होऊन बसली असेल तर वीस मीटरवरचा पक्षी चौकटीत येऊनही दिसत नाही, इतका तो विरघळलेला असतो. सरावाला कावळे आणि पारवे उत्तम. त्यांना घाई असते आणि आपल्याशी काही देणंघेणं नसतं.

शटर स्पीडचं गणित याच हिशेबातलं. सेकंदाला १० मीटर जाणारा पक्षी १/१००० सेकंदात एक सेंटिमीटर सरकतो, १/४००० मध्ये अडीच मिलिमीटर. तुम्ही त्याच्या वेगाने लेन्स फिरवत असाल तर देह स्थिर दिसेल, पण पंखाचं टोक देहापेक्षा वेगळ्याच घाईत असतं. तरंगणाऱ्या घारीला १/१००० ते १/१६०० पुरतं. पंख मारत जाणाऱ्या मध्यम पक्ष्याला मी १/२००० च्या खाली जात नाही. वेडा राघू, पाकोळी, सूर मारणारा खंड्या यांना १/३२०० किंवा त्याहून वर. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, वाढेल, वाढू द्या. आयएसओ ३२०० चे दाणे नंतर आवरता येतात, हललेला डोळा कुठल्याही सॉफ्टवेअरने धड होत नाही. पंखांची मुद्दाम फरफट दाखवायची असेल तर १/६० किंवा त्याखाली येऊन पॅनिंग करता येतं, पण तो वेगळा छंद आहे आणि त्यात शंभरात दोन फोटो जमले तर पार्टी मागावी.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, शक्यतो मॅन्युअल, स्वतः ठरवलेलं. कारण साधं आहे: बगळा गर्द झाडीसमोरून उडत उजळ आभाळासमोर आला तरी त्याच्या अंगावरचं ऊन तेच असतं, बदलते ती पार्श्वभूमी. कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला हे कळत नाही. झाडीसमोर तो बगळ्याला पांढऱ्या कागदासारखा जाळतो आणि आभाळासमोर घारीचा कोळसा करतो. ऊन स्थिर असेल तर एक चाचणी फोटो काढून पांढऱ्या पिसांतला तपशील टिकेल इतकं एक्स्पोजर ठरवा आणि मग हात लावू नका. ढगांची ये-जा असेल तर शटर आणि अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) आपल्या हातात ठेवून आयएसओ ऑटोवर सोडा. आभाळासमोरच्या गडद पक्ष्याला एक स्टॉप (दुप्पट उजेड) वाढवून द्या.

फोकस सतत चालणारा हवा, कॅमेऱ्यागणिक त्याला एएफ-सी म्हणतात किंवा सर्व्हो. पक्ष्याचा डोळा ओळखणारी सोय असेल तर अवश्य वापरा, पण फांद्यांच्या जंजाळात ती फांदीच्या गाठीलाही डोळा समजते. तेव्हा फोकसच्या लहान झोनवर, म्हणजे चौकटीतल्या छोट्या भागावर, येण्याचं बटण कुठलं, ते अंधारातही सापडायला हवं. लेन्सवर फोकस लिमिटरची कळ असेल तर लांबच्या पल्ल्यावर ठेवा, म्हणजे पक्षी निसटला की लेन्स जवळचं गवत हुंगत बसत नाही. अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवण्याचा मोह असतो, पण त्याने स्पष्ट दिसणारा पट्टा पातळ होतो. ६०० मिमीला एफ/५.६ वर, २० मीटरवर, स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली साधारण ३७ सेंटिमीटर असते. वेड्या राघूला ती ऐसपैस, गरुडाला अपुरी. आणि इलेक्ट्रॉनिक शटर वापरत असाल तर आधी घरी फिरत्या पंख्याचा फोटो काढून बघा. सेन्सरवरच्या ओळी एकापाठोपाठ एक वाचल्या जातात, त्यामुळे काही कॅमेऱ्यांत पाती वाकतात. पंख्याची पाती वाकली तर पक्ष्याचे पंखही वाकणार.

बर्स्ट, म्हणजे बटण दाबून धरून सलग काढलेल्या फोटोंचे झपाटे, छोटे ठेवा. १८८२ साली फ्रान्सच्या एतिएन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने पक्ष्यांचं उडणं अभ्यासायला बंदुकीच्या घाटाचा कॅमेरा केला होता, तो सेकंदाला १२ चित्रं घ्यायचा. आज आपल्या हातात वीस-तीस आहेत आणि आपण ती पक्षी अजून ठिपक्याएवढा असतानाच उडवतो. मग तो ऐन जवळ येतो, पंख वर, डोळ्यात उजेड, आणि कॅमेऱ्याचा बफर (फोटोंची तात्पुरती साठवण) भरलेला. कार्डावर लिहिणाऱ्या दिव्याची लुकलुक बघत त्याला जाताना पाहायचं. वेगवान कार्ड घ्या, पण त्याआधी बोटाला आवर घाला.

बॅगेचं फार लांबवत नाही. दोन बॅटऱ्या, रिकामी केलेली दोन कार्डं, लेन्सहूड, मऊ फडकं, पावसाचं आवरण, दुर्बीण. दुर्बीण खरंच घ्या, नाहीतर जड लेन्सने शोधाशोध करून ऐन वेळी हात थरथरतात. कपडे मातकट, चालताना सळसळणारे नकोत. ट्रायपॉड न्यायचा तर गिंबल हेडसकट (जड लेन्स तोलून सगळीकडे सहज फिरू देणारं डोकं), नाहीतर डोक्यावरून जाणाऱ्या पक्ष्याला तो लोढणं होतो. लेन्स थंड खोलीतून दमट हवेत काढली की धुकं धरते, म्हणून बॅगेतच निदान अर्धा तास बाहेरच्या हवेला लागू द्या. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरायला लागते, मग कितीही भारी लेन्स असो, लांबचा पक्षी पाण्यातून पाहिल्यासारखा येतो. तेव्हा दोष लेन्सला न देता सावलीत बसा.

यादीत एक गोष्ट 'नेऊ नये' या सदरातली आहे: पक्ष्याला उडवण्याची घाई. टाळ्या, दगड, रेकॉर्ड केलेली साद, ड्रोन, यांतलं काही नाही. उडवलेला पक्षी बहुतेक वेळा तुमच्यापासून दूरच जातो, म्हणजे पुन्हा शेपटीच. टिटवीचं तर वेगळंच. तुम्ही माळावर चालताय आणि टिटवी चोच वासून ओरडत डोक्यावर घिरट्या घालतेय, फोटोला याहून सोपी संधी नाही. पण ती तुम्हाला हाकलत असते. जवळपास उघड्या जमिनीवर खड्यांच्या रंगाची, ठिपकेदार अंडी असण्याचा संभव असतो आणि ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. कॅमेरा खाली करा, जमिनीकडे बघत आल्या पावलांच्या वाटेनेच मागे फिरा. असे 'जबरदस्त' फोटो मी पाहतो तेव्हा मला पंखांआधी फोटो काढणाऱ्याचे पाय कुठे असतील ते दिसायला लागतं.

परत आल्यावर दमलेलो असतो, आणि पुढच्या वेळची तयारी इथेच फसते. एका संध्याकाळी मी १/६० वर पॅनिंग करून कॅमेरा तसाच बॅगेत टाकला. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे खंड्याने हाताच्या अंतरावर वाटावा असा सूर मारला आणि माझ्या कार्डावर उमटला एक निळा ओरखडा. म्हणून आता झोपण्याआधी शटर १/२००० वर आणतो, कॉम्पेन्सेशन (एक्स्पोजरची वाढ-घट) शून्यावर, लिमिटर जागेवर. फोटो दोन ठिकाणी उतरल्याची खात्री झाली की मगच कार्ड पुसतो. बॅटऱ्या चार्जरला लावतो आणि वाऱ्याचा अंदाज उघडतो. उद्या दिवसभर नैऋत्येचा दाखवतायत. म्हणजे गजर नको, संध्याकाळी जायचं.