लाईट गेली की कूलडाउन टायमरची सेटिंग उडते: माझा अनुभव

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये कूलडाउन (एखादी शक्ती परत वापरता येईपर्यंतचा वेळ) दाखवणाऱ्या अ‍ॅड-ऑनची, म्हणजे गेमला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमची, जागा, आकडे, रंग सगळं लावून घ्यायचं आणि पुढच्या लॉगिनला पाहावं तर सगळं जुनंच. आमच्याकडे चोपड्याला लाईट गेली की हे हमखास व्हायचं. अ‍ॅड-ऑन काढून परत टाकलं, फोल्डरचं रीड-ओन्ली काढलं, काही फरक नाही. ऐन रेडमध्ये, म्हणजे बऱ्याच खेळाडूंनी मिळून केलेल्या मोठ्या लढाईत, टायमर दिसेना की फार चिडचिड व्हायची.

कारण असं की खेळताना केलेले बदल फक्त मेमरीत राहतात. फाइलमध्ये ते लिहिले जातात लॉगआउट करताना किंवा इंटरफेस रीलोड होताना. मधेच कॉम्प्युटर बंद पडला तर गेलं.

म्हणून सेटिंग झाली की लगेच, लढाई चालू नसताना, चॅटमध्ये स्लॅश आणि त्याला जोडून रीलोड (/reload) टाइप करून एंटर मारा. लोडिंग स्क्रीन येऊन जाते, तेवढ्यात सेव्ह होतं.

आधीची फाइलच बिघडली असेल तर गेम पूर्ण बंद करा. गेमच्या फोल्डरमध्ये डब्ल्यूटीएफ (WTF) उघडा, त्यात अकाउंट, तुमच्या खात्याचं फोल्डर, मग सेव्हडव्हेरिएबल्स (SavedVariables). अ‍ॅड-ऑनच्या नावाची लुआ फाइल (.lua, यात सेटिंग असते) दुसरीकडे हलवा, शेजारच्या बीएके फाइलच्या (.lua.bak, आधीची प्रत) नावातून शेवटचं डॉट बीएके काढा, मगच गेम उघडा. बीएकेमध्ये फक्त एक आधीचं सेव्ह असतं, त्यामुळे हे लवकर करा.